साडूंचे चोवीस नट

जगाचा शेवट झालाच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, डबा घेऊन वेळेवर कामावर हजर होणारा एकमेव माणूस म्हणजे माझे साडू. त्यांचा पेशाच तसा होता. टेक्ससमधल्या अर्विंग गावातल्या एका कंपनीत, संगणकांवरची सगळी माहिती एखाद्या दिवशी बुडाली तर ती परत कशी मिळवायची, याची आखणी ते करत. माहिती कधी बुडाली नाही, त्यामुळे त्यांची योजना किती चांगली होती हे कोणालाच कळलं नाही, आणि कंपनीत त्यांचा दबदबा वाढत गेला. ही सवय ते घरी घेऊन यायचे. लग्नाच्या अल्बमच्या तीन प्रती तीन शहरांत होत्या. कुकरच्या दोन जादा रिंगा होत्या, त्यातली एक माझ्या घरी, मला न सांगता ठेवलेली. एकदा त्यांच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीम शोधताना मला मटारच्या पिशवीमागे त्यांचं डिग्री सर्टिफिकेट सापडलं. मी ते हातात धरून उभा राहिलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "घराला आग लागली तर फ्रीजर सगळ्यात शेवटी जळतो." मी पिस्ता घेतलं आणि डिग्री मटारमागे परत ठेवली.

अशा माणसाने दोन हजार चार साली, फेब्रुवारीत, एक जुना पिकअप ट्रक घेतला. टेक्ससमध्ये ट्रक घेण्यात विशेष काही नाही. पण माझे साडू आजवर छोट्या, राखाडी, कोणाच्या लक्षात न येणाऱ्या गाड्या चालवत आले होते. कारण मुक्ता होती. त्यांची ही एकुलती एक लेक ऑगस्टमध्ये ऑस्टिनला कॉलेजसाठी जाणार होती आणि तिला सामानासकट सोडायला ते स्वतः जाणार होते. "व्हॅन भाड्याने घ्या ना," माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. एकदा माझ्यासोबत कांदे चिरताना ते एवढंच म्हणाले, "मी जळगावहून पुण्याला होस्टेलवर गेलो तेव्हा वडिलांनी एसटीत बसवलं आणि ते कामावर गेले. खोलीपर्यंत कोणी आलं नव्हतं हो." मग त्यांनी कांद्याला दोष दिला.

ट्रकच्या आधीच्या मालकाने चाकं बदलून चकचकीत ॲल्युमिनियमची बसवली होती. चाकं सुरेख होती. ती जागेवर धरून ठेवणारे नट मात्र गंजके आणि तीन वेगवेगळ्या जातींचे. एका चाकाला सहा, म्हणजे चार चाकांना चोवीस. दुसऱ्या कोणी शनिवारी दुकानात जाऊन चोवीस नट आणले असते. साडूंनी एक्सेल उघडलं.

पुढचे पाच महिने आम्ही नटांसोबत काढले. नटाच्या आतले आटे किती जाडीचे, त्याचं बूड शंकूसारखं की गोल, नुसतं पोलाद की वर क्रोमचा मुलामा, आणि मुलाम्याचे पापुद्रे टेक्ससच्या उन्हात कधी सुटतील, या सगळ्याला रकाने होते. इंटरनेटवर ट्रकवाल्यांचं एक मंडळ होतं. तिथे ते रोज जाऊन अनोळखी टेक्सन लोकांशी शंकूच्या कोनावरून वाद घालत. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला जो माणूस कोपऱ्यात बसून कढी भुरकायचा, तो आता पाडव्याला खिशातून दोन नट काढून पाहुण्यांच्या तळहातावर ठेवत होता. "वजन बघा. आता हा बघा. कळतोय फरक?" एका नव्याने आलेल्या मुलाने घाबरून "हो काका" म्हटलं, तर त्याला अर्धा तास क्रोमबद्दल ऐकावं लागलं. "क्रोम म्हणजे मेकअप," ते म्हणाले. "धुतल्यावर काय राहतं ते महत्त्वाचं."

ग्रँड प्रेअरीमधल्या ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात ते सहाव्यांदा गेले तेव्हा मी सोबत होतो. दुकानदार मिशाळ, दांडगा आणि सोशिक होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, दे जस्ट होल्ड द व्हील ऑन." मी म्हटलं, मला माहीत आहे, पण मी त्यांचा फक्त साडू आहे. 'साडू' म्हणजे काय हे मी त्याला सांगू शकलो नाही, पण माझी परिस्थिती त्याला समजली असावी.

मुक्ताचं म्हणणंही साधारण तेच होतं. "बाबा, दे आर नट्स. मी चौदा ऑगस्टला हे प्रोजेक्ट संपलेलं बघू शकते का?"

"तू फक्त पॅकिंग कर," बाबा म्हणाले.

जूनमध्ये शेजारच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये एका सकाळी एक गाडी विटांवर उभी दिसली. चाकं चोरीला गेलेली. त्या दिवशी एक्सेलला नवा रकाना जोडला गेला आणि आठवड्यात निर्णय झाला. साडूंनी निवडलेल्या नटांना नेहमीचा पाना लागतच नव्हता. बाहेरून बारीक खाचा, आणि त्या खाचांत बसणारी एक खास किल्ली. ती लावल्याशिवाय नट ढिम्म हलत नाही. किल्ल्या दोन आल्या. त्यांनी चोवीसच्या चोवीस नट मोजून आवळले, पन्नास मैल ट्रक चालवून पुन्हा आवळले, आणि मग किल्ल्यांची व्यवस्था केली. ही व्यवस्था काय होती ते आम्ही कोणीच विचारलं नाही. त्यांच्या व्यवस्थेबद्दल विचारायचं नसतं.

ऑस्टिनला निघायचा दिवस, पंधरा ऑगस्ट, रविवार होता. मुक्ताला खोलीचा ताबा घ्यायची वेळ दुपारी एक ते तीन. ती चुकली तर दुसऱ्या दिवशीच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिचा पहिला कार्यक्रम. ट्रकमध्ये साडू, मेव्हणी, मुक्ता आणि मागे सामानाचा डोंगर. त्यामागे रिकामी मिनीव्हॅन घेऊन मी, कारण योजनेत मी बॅकअप होतो. सकाळी दहाच्या सुमारास हिल्सबरोजवळ कॉफीसाठी एका पेट्रोल पंपावर वळताना ट्रकचं पुढचं चाक फुटपाथच्या तुटक्या लोखंडी कडेला घासलं आणि टायरची बाजू हातभर फाटली.

साडूंचा चेहरा उजळला, असं म्हणणं क्रूरपणाचं होईल, पण ते खरं आहे. चार मिनिटांत इशाऱ्याचे नारिंगी शंकू मांडले गेले, हातमोजे चढले, जॅक लागला, स्टेपनी खाली आली, नट मोजक्या जोराने आवळायचा टॉर्क रेंच पेटीतून निघाला. मग ते थांबले.

"काय झालं?" मेव्हणी म्हणाली.

"किल्ली."

"कुठाय?"

"लॉकरमध्ये."

"कुठल्या लॉकरमध्ये?"

"बँकेच्या. तुझ्या पाटल्यांच्या पिशवीत."

मेव्हणीने डोळे मिटले. "आणि दुसरी?"

"जळगावला. दादाकडे."

"बाबा, व्हाय इज इट इन जळगाव?" मुक्ताने विचारलं.

"चोर ट्रक नेणार, तर किल्ली ट्रकमध्ये कशी ठेवायची? आणि दोन्ही एकाच गावात ठेवायच्या नसतात," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. "देवघरात ठेवलीय त्याने."

पंपावरचा म्हातारा आपली सगळी हत्यारं घेऊन आला. वीस मिनिटं त्याने पान्याने, हातोडीने आणि शिव्यांनी प्रयत्न केला. दुर्दैवाने साडूंची निवड अचूक होती. "निघणार नाहीत," ते दुःखाने आणि, मला वाटतं, किंचित अभिमानाने म्हणाले. "दीज आर गुड नट्स," म्हातारा घाम पुसत म्हणाला. टायरची दुकानं सोमवारी उघडणार होती.

सामान माझ्या व्हॅनमध्ये गेलं. छोटा फ्रीज, पुस्तकांची खोकी, गादी, कुकर. सगळं कोंबल्यावर माझ्याशिवाय दोन जागा उरल्या. व्हॅनच्या विम्यावर फक्त माझं नाव, त्यामुळे ती मीच चालवायची आणि ट्रक राखणीशिवाय सोडायचा नाही, असं साडूंचं ठाम मत पडलं. "तुम्ही जा तिच्याबरोबर," मेव्हणी म्हणाली, "मी थांबते ट्रकपाशी." साडूंनी पंपावर आलेल्या मालट्रककडे पाहिलं, मग हायवेकडे. "तुला इथे एकटीला कसं सोडू," ते म्हणाले. मुक्ता उतरून त्यांच्याजवळ गेली. ते तिला कपाटाच्या खिळ्यांबद्दल काहीतरी सांगत होते. तिने त्यांना मिठी मारली तेव्हा हातमोज्यांचं ग्रीस लागेल म्हणून त्यांनी दोन्ही हात बाजूला, हवेत धरून ठेवले. "अकरा वाजले," ते म्हणाले. "निघा."

मी, मेव्हणी आणि मुक्ता दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलो. ताबा मिळाला.

परत आलो तेव्हा सात वाजले होते, ऊन अजून होतं. साडू ट्रकच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसले होते, शेजारी सकाळचा डबा तसाच. मेव्हणी तोंड धुवायला आत गेली. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी खोली कितव्या मजल्यावर आहे ते विचारलं, खिडकी कुठे उघडते ते विचारलं, रूममेट कुठली ते विचारलं. मग ते हायवेकडे बघत म्हणाले, "रडली का?"

"नाही," मी म्हणालो. मुक्ताने तसंच सांगायला बजावलं होतं.

"बरं झालं."

तीन-चार मालट्रक गेले.

"अजिबातच नाही?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. "रडली," मी म्हणालो. "गादीवर चादर घालून झाल्यावर. बराच वेळ."

त्यांनी मान हलवली, चष्मा शर्टाला पुसला आणि डबा उघडला. "पोळ्या जरा कडक झाल्यात," ते म्हणाले आणि पहिली माझ्या हातावर ठेवून दुसरी स्वतः घेतली.