हत्तीनं हात पुढं केला होता

माझ्या सख्ख्या मामानं मला फसवलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. सौदा ठरला होता, मी माझा शब्द पाळला, त्यानं मोडला.

"हिला जरा बाजूला घ्या. कुबडी फोटोत येती." हे शब्द मामीचे. भर गर्दीत, माझ्यासमोर, मी म्हणजे वाटेतला दगड असल्यासारखं ती बोलली. पण मामीचा हिशोब वेगळा. माझं भांडण मामाशी आहे.

मामाचं बीडला कापडाचं दुकान. आम्ही चकलांब्याचे. वडिलांचा किराणा एका खोलीत मावायचा. माझा डावा पाय पोलिओनं गेलेला. पंचमीला आईला माहेरी न्यायला मामा दुकानातला नोकर पाठवायचा, स्वतः यायचा नाही. तोच मामा एके दिवशी नवी गाडी घेऊन दारात उभा राहिला.

"अक्का, पोरांना मुंबईकडं पार्क दाखवायला नेतोय. हिलाबी नेतो."

आईला रडूच फुटलं. भावाला लेकीची आठवण झाली! तिनं टोपलंभर धपाटे केले. निघताना मामी म्हणाली, "वन्सं, हिचा अपंगाचा दाखला तेवढा द्या बरं का."

"कावून? कशाला पायजे?" मी विचारलं.

"असू दे. लागला तर लागला."

गाडीत मामेभावानं पेपरातली जाहिरात दाखवली. हत्तीचा वेश केलेला माणूस, अंगात लाल कोट, पोरांशी हात मिळवतोय. येईल त्याचा हात धरतो म्हणे. गावात खेळताना मला चपला राखायला बसवत. माझा हात धरून कुणी मला खेळात ओढलं नव्हतं. मला पाळणे नको होते, पाण्यातली नाव नको होती. तो हात हवा होता.

फाटकावर पाटी होती. अपंग माणूस आणि त्याच्यासोबतचे चौघे, यांना रांग नाही. मामा, मामी, त्यांची दोन पोरं. बरोबर चौघे. मामीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा. खिडकीतल्या माणसाला म्हणाली, "आमचीच लेक हाय. लई लाडाची."

पहिली नावेची फेरी. बाजूच्या दारातला कामगार हसून म्हणाला, "या ताई, तुम्हाला पुढं बसवतो. आम्ही उचलून बसवतो, काळजी नको."

"न्हाई, ती भेती," मामी म्हणाली.

"मी न्हाई भेत."

"गप गं. पडलीबिडलीस तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

मला बाकावर बसवलं. ते चौघे भिजून, खिदळत आले. पुढच्या दारापाशी पुन्हा मी पुढं, पुन्हा दाखला, पुन्हा बाक. उन्हात रांगेत उभी असलेली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "लंगडीच्या जिवावर मजा चाललीय बघा." मामीनं ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडलं. मी ऐकलं. माझे कान तापले. आणि डोकं चाललं. मी पाहुणी नव्हते. मला भाड्यानं आणलं होतं, आणि भाडंही ठरवलं नव्हतं.

मग ठरवू की. मी फरशीवर बसकण मारली.

"ऊठ की गं!" मामी खेकसली.

"न्हाई उठणार."

"कावून?"

"हत्तीपाशी पहिली मी. माझा एकटीचा फोटो. मग म्हणाल तिथं येते."

मामी म्हणाली, "बघा, आत्तापासून भाव करती!" मामा हसला. वाकला आणि माझ्या तळहातावर हात मारला, बाजारात बैलाचा सौदा पक्का करताना मारतात तसा. "कबूल," म्हणाला.

मी उठले. काखेत कुबडी घासून सोलपटलं तरी दिवसभर फिरले. प्रत्येक दारात हसून उभी राहिले. प्रत्येक बाकावर मुकाट बसले. तक्रार केली नाही. सौदा होता.

ऊन उतरल्यावर हत्ती आला. अपंग पोरांना आधी सोडलं. तो थेट माझ्याकडं आला, वाकला, जाड कापडाचा पंजा पुढं केला. मी कुबडी काखेत दाबली आणि हात उचलला. तेवढ्यात मामीनं धाकट्याला मधे घुसवलं आणि कुबडीचं ते वाक्य बोलली.

मी मामाकडं बघितलं. त्याच्या डोळ्याला कॅमेरा होता. तो दोन पावलं बाजूला सरकला, मी फोटोत येऊ नये म्हणून.

"मामा!"

त्यानं बटण दाबलं. मग थोरल्याचा फोटो. मग दोघांचा मिळून. मग मामीचा. मग म्हणाला, "रोल संपला."

"फोटो नको मामा. नुसता हात मिळवू द्या. नुसता हात."

"आता कुठं गं. पुन्हा कवातरी."

गर्दी आत सुटली. मला मागं रेटलं. मी ओरडले, "ओ हत्ती! ओ, इकडं!" लोक हसले. हत्तीची पाठ दिसली, मग तीही नाही.

त्यानंतर पोरांना आणखी एकदा नावेत बसायचं होतं. रांग वळणं घेत लांब गेलेली. मला पुन्हा पुढं केलं. दारात तोच कामगार.

"ताई, सोबत कोण कोण?"

"कुणी न्हाई."

मामी हसली. "येडी हाय. आमचीच लेक."

"ह्यांना मी वळखत न्हाई," मी म्हणाले. "मी एकटी आले."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं. "तुम्ही रांगेतून या," त्यांना म्हणाला आणि मला नावेत बसवलं. नाव उंचावरून पाण्यात कोसळली तेव्हा मजा वाटली नाही. उतरले तशी मामीनं थोबाडीत मारली.

घरी आल्यावर मामीनं दारातच सांगितलं, "वन्सं, तुमच्या लेकीनं चारचौघांत आम्हाला वळखत न्हाई म्हणलं. एवढं करून!"

आई घाबरली. "पाय धर मामीचे. धर म्हणते ना!"

मी धरले नाहीत. मामानं हातावर हात मारून दिलेला शब्द मी आईला सांगितला. बाकावरचा दिवस सांगितला. आई भावाकडं वळली. "खरं का रे?"

मामा गाडीकडं बघत म्हणाला, "लेकराचं काय ऐकती, अक्का."

माझी खरी फसवणूक तिथं झाली, आमच्या उंबऱ्यावर.

त्या पंचमीला नोकरही आला नाही. पुढं कधीच आला नाही. आई दर पंचमीला बांगड्या भरून दारात बसायची, अंधार पडला की उठायची. एकदा म्हणाली, "तुझ्या जिभेनं माझं माहेर खाल्लं." ते मी गिळलं. अजून पचलेलं नाही.

आता मी सरकी-पेंडीचा धंदा करते. स्वतः उभा केलाय. माजलगावच्या मोंढा बाजारातले आडते माझ्याशी भाव करायला बसताना आधी घोटभर पाणी पितात. तोंडानं फटकळ आहे, रागीट आहे, सगळं खरं. पण कबूल म्हटलेला भाव मी कधी फिरवला नाही, आणि फिरवणाऱ्याला दुकानाची पायरी चढू दिली नाही. मामाच्या पोरांच्या लग्नाच्या पत्रिका आल्या. मी गेले नाही. आईला मात्र जायचं होतं, आणि तिकडून तिला न्यायला कुणी आलं नाही.

आई थकली. म्हणते, "सोड आता. लहान गोष्ट होती." लहान असती तर मामा त्या दिवशी गाडीकडं कशाला बघत होता?

मामा, मला पैसा नको, फोटो नको, माफी तर नकोच. तुम्ही चकलांब्याला या. नोकर पाठवू नका, स्वतः या. मामीला पुढं करू नका. मामीनं मला कसला शब्द दिला नव्हता. माझ्या आईसमोर बसा, तिच्या डोळ्याला डोळा द्या. तिनं तुम्हाला एकच सवाल केला होता. ती जिवंत आहे तोवर त्याचा जबाब द्या.