गिटारच्या पाठीवरची डोरा

गिटारच्या पाठीवरची डोरा मी पॉलिश पेपरने घासून काढली, तेव्हा आपण एक संसार वाचवला अशी माझी खात्री होती. तिशीतली होते. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं.

रत्नागिरीत आमचं वाद्यदुरुस्तीचं दुकान. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मला हे काम शिकवलं. पेट्या, तबले रोजचे; गिटार क्वचित. ही गिटार रफिकभाईंची. ते मालवाहू जहाजावर नोकरीला. त्यांची बायको नसीमा माझी मैत्रीण, दोन घरं सोडून राहायची.

"वहिनी, ब्रिज उचललाय. शनिवारी जहाजावर निघायचंय, तेवढा बसवून द्या," रफिकभाई म्हणाले.

ब्रिज म्हणजे तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी. तारांचा ताण सतत तिच्यावर, त्यात आमची खारी, दमट हवा. सरस सुटतो आणि पट्टी वर येते. जुना सरस खरवडायचा, नवा लावायचा, क्लॅम्पने आवळायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. सोपं काम.

मी तेवढंच करून थांबायचं होतं. पण गिटार उलटी केली आणि पाठीवर सुरीने कोरलेलं नाव दिसलं. इंग्रजी अक्षरांत, डोरा.

नसीमा बिचारी इथे फोनची वाट बघते आणि हा माणूस बंदरोबंदरी डोरा मिरवतो! तिचा मला असा कळवळा आला की काय सांगू. तिलाच विचारावं, हे मात्र सुचलं नाही. घासलं. अक्षरं खोल होती म्हणून आणखी घासलं. वर फ्रेंच पॉलिश दिलं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापडाच्या बोळ्याने, थरावर थर. पाठ अशी चकचकीत झाली की तिच्यात बघून मी कुंकू नीट केलं.

शुक्रवारी दोघं आली. रफिकभाईंनी तारा छेडल्या, खूश झाले. मग गिटार उलटवली. पाठीवरून तळहात फिरवला. परत फिरवला.

"नाव कुठे गेलं?"

"काढलं," मी ठसक्यात म्हणाले. "नसीमाला दिसायला नको."

आबांनी हातातली पेटी बाजूला ठेवली. "काय गो, ब्रिज सांगितला होता ना? पाठीला हात लावायला कोणी सांगितलं?"

रफिकभाई हळूच म्हणाले, "वहिनी, ते नसीमानेच कोरलेलं. लग्नानंतर पहिल्यांदा निघालो तेव्हा."

जहाजावरच्या एका अमेरिकन खलाशाने त्यांना ब्लूज शिकवलं होतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची, सोसलेल्या दुःखाची गाणी. ती वाजवणारे आपल्या गिटारला बाईचं नाव देतात, गाण्यांतही बायकांना नावाने हाका मारतात. रफिकभाईंना 'नसीमा' ठेवायचं होतं. "माझं नाव कशाला खाऱ्या वाऱ्यात झिजवता?" म्हणून तिनेच डोरा शोधली आणि घरातल्या सुरीने कोरली.

आमच्याकडे होड्यांवरही बायकांचीच नावं. मासळी घ्यायला जाताना मी ती रोज वाचत होते. पण डोक्यात प्रकाश पडेल तर ना!

"मी परत कोरून देते," मी म्हणाले. आवाज पार खाली गेला होता.

"तुमच्या हातचं कसं चालेल?" रफिकभाई म्हणाले. रागावले नव्हते. त्यामुळे जास्त लागलं.

आबांनी नसीमाच्या हातात लाकूड कोरायची बारीक पटाशी दिली, खाली गोधडी अंथरून गिटार पालथी ठेवली. तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या वस्तूवरची धूळसुद्धा मी गिऱ्हाइकाला विचारून पुसते.

नसीमाने माझ्या त्या आरशासारख्या पॉलिशवर पटाशीचं टोक टेकवलं, मान वर केली आणि म्हणाली, "वहिनी, डोराच कोरू की तुमचं नाव घालू? एवढी काळजी आहे तर तुम्हीच जा त्यांच्याबरोबर, लक्ष ठेवायला."