आमलेटातला मारुती

माझ्या सासूबाईंना देव कुठेही दिसतो. हे मी कौतुकानं सांगत नाही, अर्धं तक्रारीनंच सांगते. मी लग्न होऊन नागपूरच्या या घरात आले तेव्हा देवघरात चांदीच्या बाळकृष्णाला खेटून आल्याचा एक गणपती बसलेला होता. म्हणजे आल्याचा तुकडाच, पण त्याला सोंड होती, पोट होतं, आणि सासूबाईंच्या मते हातात मोदकही होता. पुढे गणपतीच्या कानातून हिरवा कोंब फुटला, तेव्हा त्याला कुंडीत लावण्यात आलं. त्याच्या लेकरांचा चहा आम्ही बराच काळ प्यायलो.

सासूबाईंना आम्ही मामीजी म्हणतो आणि सासऱ्यांना मामाजी. मामीजींना एकदा न्हाणीच्या भिंतीवरच्या ओलीत देवी दिसली आणि नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी दारातूनच चहा पाजून परत पाठवलं. आठवडाभरात ओल पसरली, देवीला मिशा आल्या, मग त्याच माणसाला पुन्हा बोलवावं लागलं.

मामाजी अगदी उलटे. जन्मभर कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी केलेला माणूस. "ढगात हत्ती दिसते म्हणून कोणी ढगाले ऊस चारते का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काटोलहून नणंदेनं पाठवलेल्या संत्र्यांपैकी एकात मामीजींना डोळे मिटलेले महादेव दिसले. त्यांनी ते संत्रं वाटीत बाजूला काढून ठेवलं. दुपारी पाहतात तर वाटीत नुसती सालं.

"महादेव कुठं गेले?" मामीजींनी विचारलं.

"पोटात," मामाजी म्हणाले. "जरासे आंबट होते."

अशा माणसालाच तो मारुती दिसला, म्हणून ही गोष्ट सांगण्याजोगी.

आमच्या घरात अंड्याला स्वयंपाकघरात प्रवेश नाही. मामीजींनी त्याची सोय गॅलरीत केलेली आहे. वेगळी शेगडी, वेगळा तवा, वेगळी ताटली, इतकंच काय, मीठसुद्धा वेगळं. रविवारी सकाळी मी तिथं उभी राहून मामाजींना कांदा, मिरची आणि भरपूर सांभार घालून आमलेट करून देते. सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मामीजी तेवढा वेळ आतल्या खोलीत पोथी वाचतात आणि वास आला की मोठ्यानं वाचतात.

त्या रविवारी मी आमलेट उलटलं, ताटलीत काढलं, मामाजींपुढे ठेवलं. त्यांनी ब्रेडचा तुकडा मोडला, हात खाली नेला आणि तसाच थांबवला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे पाह्य जरा."

मला वाटलं, केस निघाला. वाकून पाहिलं तर पिवळ्याजर्द आमलेटावर तांबूस डागांचा एक चेहरा उमटला होता. फुगलेले गाल, पुढे आलेलं तोंड, डोळ्यांच्या जागी कांद्याचे दोन तुकडे. डोक्यावरून एक तपकिरी रेघ शेपटीसारखी मागे वळून गेली होती.

"मारुती," मी म्हणाले.

"मी काही म्हटलं नाही हं," मामाजी घाईनं म्हणाले. "तू म्हणून राहिली." पण ब्रेडचा तुकडा त्यांनी परत ठेवला.

नवरा आला. त्यानं मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाला, "हा तं आमच्या बुटीबोरीच्या कारखान्यातला सुपरवायझर. मशीन बंद पडली की असेच गाल फुगवते."

त्याच्या हसण्यानं मामीजी बाहेर आल्या. ताटलीकडे पाहताच त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. डोळे भरून आले. आणि मग, हात जोडलेलेच असताना, त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"पण हे अंड्याचं हाय ना वं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मारुतीले दुसरं काहीच सापडलं नाही? कालच्या शनिवारी मी एवढं धिरडं केलं होतं!"

आता पेच असा, की खावं तर देव, टाकावं तरी देव, आणि देवघरात ठेवावं तर अंडं. मामीजी ताटलीभोवती फिरू लागल्या. मामाजी उपाशीपोटी खुर्चीत बसून राहिले. "थंड होऊन राहिलं," असं ते अधूनमधून म्हणत होते, पण हात लावायची हिंमत त्यांचीही होत नव्हती.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू विरजण मागायला आल्या. काकूंच्या घराण्यात भोसल्यांच्या काळापासून कुणी लसूणसुद्धा फारसा जोरात उच्चारलेला नाही. दार उघडंच होतं. मामीजी गॅलरीत हात जोडून उभ्या दिसल्या, तशा काकू सरळ तिथंच आल्या.

"अगंबाई! धिरड्यावर उमटलाय?"

मामीजी खोटं बोलत नाहीत. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ताटलीकडे. "पिवळं हाय," त्या म्हणाल्या.

काकूंनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आम्ही काही बोलायच्या आत जिन्यात चपला वाजू लागल्या. कुणी रुईची पानं आणली, कुणी नारळ. काकूंचे यजमानही आले. हे काका कधीच बोलत नाहीत. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

काकूंनी आमलेटाला कुंकू लावलं. ते तेलावर ओघळलं. मग त्यांनी बारकाईनं पाहून जाहीर केलं, "हा मारुती नाहीच मुळी. गणपती आहे. ही शेपटी नाही, सोंड आहे."

मामीजींची इतक्या वेळची सगळी भीती त्या एका वाक्यानं पळाली. "सोंड डोक्यावरून मागं जाते काय कधी?"

"उजव्या सोंडेचा असला तर काहीही करू शकतो!"

"आमच्या घरचा हाय. आम्हाले माहीत नाही का कोण हाय तं?"

शेवटी दोन्ही देवांची आरती करायचं ठरलं. कापूर पेटला, आरतीचं ताट आमलेटाच्या अगदी जवळून फिरू लागलं आणि त्या धगीनं थंड झालेलं आमलेट पुन्हा गरम झालं. वास उठला. एकेकाचं नाक हलायला लागलं.

"कसला हो वास?" काकूंनी आरती न थांबवता विचारलं.

"कापूर भेसळीचा हाय," माझा नवरा म्हणाला आणि टाळ्या आणखी जोरात वाजवू लागला.

आरती संपली. काकूंनी ज्योतीवरचे हात डोळ्यांना लावले, ताटलीपुढे वाकल्या आणि प्रसाद म्हणून शेपटीकडचा एक तुकडा मोडून तोंडाकडे नेला.

"खाऊ नका वं!" मामीजी ओरडल्या. "अंड्याचा हाय तो!"

काकूंचा हात हवेतच राहिला. "कोण?"

"मारुती!"

गॅलरीत इतकी शांतता पसरली, की शेजारच्या कूलरमधलं पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. आणि त्या शांततेत भिंतीला टेकलेले काका, ज्यांचा आवाज आम्ही आजवर नीट ऐकलाही नव्हता, म्हणाले, "मग तो तुकडा इकडे दे. वाया कशाला घालवतेस?"

काकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की ते तिथूनच उलटे जिन्याकडे निघाले. काकूंनी आमच्या बेसिनवर साबणानं हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले आणि विरजण न घेताच वर गेल्या. बाकीचेही आपापले नारळ घेऊन पांगले. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले. बाहेर आले तर मामीजी खुर्चीत बसून रडत होत्या.

"एवढा देव घरी आला," त्या म्हणत होत्या, "आणि मी साऱ्यांसमोर त्याची फजिती केली. तिचीही केली."

मामाजींनी बायकोला असं रडताना फारसं पाहिलेलं नसावं. त्यांनी ताटली जवळ ओढली. मग त्यांनी आमलेट हळूच उलटं केलं. मागची बाजू साधी होती, नुसती पिवळी.

"हे पाह्य," ते म्हणाले, "मी मागून खातो. त्याले समजणारही नाही."

मामीजी रडता रडता हसल्या. पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "नाव घेऊन तरी खा."

"जय बजरंगबली," मामाजी म्हणाले आणि कुंकवासकट सगळं संपवलं.

काकू मात्र दुखावल्या होत्या. जिन्यात भेटल्या की मोबाइलमध्ये बघत. मामीजींनी डब्यातून चकल्या पाठवल्या, डबा रिकामा धुऊन आला, निरोप काही आला नाही. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी वरून काकूंचाच आवाज आला, "अहो, जरा येता का वर? लवकर या!"

आम्ही दोघी धावत गेलो. काकूंनी डोसा केला होता आणि त्यावर गणपती उमटला होता. निदान काकूंना तसं वाटत होतं. मी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मला फक्त डोसा दिसला, तोही एका बाजूनं करपलेला. काकू मामीजींच्या तोंडाकडे बघत होत्या.

मामीजींनी डोक्यावर पदर घेतला. "दिसते वं," त्या म्हणाल्या. "सोंड एकदम साफ दिसते."

काकूंनी त्यांचा हात धरला आणि आम्हाला टेबलाशी बसवून गरम गरम डोसे वाढले, देव नसलेले. खाली उतरताना मी विचारलं, "मामीजी, खरंच दिसली तुम्हाला सोंड?"

"कशाची सोंड?" त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत म्हणाल्या. "पण चटणी मस्त केली होती तिनं."