मस्क्याच्या शेवया

"सर, मुळात ही आयडिया तुमचीच," मी भर मीटिंगमध्ये म्हणालो. आयडिया सरांची नव्हती, माझीही नव्हती. समोर बसलेल्या सलीमभाईंची होती. माझं प्रमोशन तोंडावर आलं होतं, म्हणून मी जाणूनबुजून खोटं बोललो.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आम्ही दोघं प्लास्टिकच्या घरगुती वस्तू डिझाइन करायचो. सलीमभाई माझ्याहून थोरले. त्यांच्या बायकोचा, आमच्या भाभींचा, उजवा हात लकव्यानं अधू झाला होता. फ्रिजमधला घट्ट मस्का सुरीनं पावाला लावायला गेल्या की पाव फाटायचा. मग त्या पाव तसाच ठेवून उठायच्या. म्हणून सलीमभाईंनी नायलॉनची एक चपटी सुरी बनवली. तिच्या कडेला भोकं. मस्क्यावरून अलगद ओढली की भोकांतून मस्क्याच्या शेवया निघायच्या. पावावर ठेवल्या की लगेच मऊ व्हायच्या. मूठ मात्र चांगली जाड, अधू हातातही बसेल अशी.

त्यांनी ती डब्याच्या वेळी दाखवली. मीच म्हणालो, "सरांना दाखवू या."

सरांना सुरी आवडली, मूठ नाही. मोल्ड म्हणजे पोलादी साचा. त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून भरतात. जाड भाग थंड व्हायला वेळ लागतो, तोवर मशीन अडकून राहतं.

"मूठ बारीक करा. वस्तू स्वस्त पाहिजे."

"सर, मग ती हातातून निसटंल," सलीमभाई म्हणाले.

"काळे, तुमचं काय मत?"

"नाही निसटणार, सर," मी म्हणालो. आणि वर ते आयडियाचं वाक्य जोडलं.

ड्रॉइंगवर मूठ मीच बारीक केली. पहिला नग सलीमभाई घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला.

"तुमच्या भाभीच्या हातून दोनदा पडला, साहेब."

त्याआधी मी त्यांचा 'यार' होतो. डबा उघडताना ते हमखास विचारायचे, "काय यार, आज मस्का कोणाला?" त्या दिवसापासून ते डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसू लागले. पुढं वाळूजच्या कंपनीत गेले.

सुरी धडाक्यात खपली. शहागंजात दुकानांबाहेर तिचे झुपके लटकायचे. मला प्रमोशन मिळालं, वेगळी केबिन मिळाली. तिथं एकट्यानं डबा उघडताना वर्षानुवर्षं वाटायचं, कुणीतरी दार ढकलून आत यावं आणि टोमणा मारावा.

या धंद्यात एक शिकलो. साच्यातली चूक पहिल्याच नगात दिसते. दुरुस्त तेव्हाच करावी. नंतर पोलाद कापावं लागतं.

गेल्या महिन्यात सलीमभाईंच्या घरी गेलो. त्यांची दाढी पांढरी झाली होती. भाभी टेबलाशी बसून तीच जुनी जाड मुठीची सुरी मस्क्यावरून ओढत होत्या. तिचं नायलॉन पिवळं पडलं होतं. त्यांनी एक पाव माझ्यापुढं सरकवला.

सलीमभाई म्हणाले, "काय यार, आज कोणाला मस्का लावायला आलास?"

मी पाव तसाच ठेवून उठून उभा राहिलो.

"सलीमभाई, आयडिया तुमची होती. सरांपुढं मी खोटं बोललो. भाभी, मूठ बारीक केली ती मीच. निसटणार हे मला माहीत होतं. मला माफ करा."