ब्रेकच्या दिवशीचं अक्षर

जन्म-मृत्यूच्या नोंदणी कचेरीत बाई कामाला लागल्या तेव्हा तिथे त्यांच्याच नावाची आणखी एक कारकून होती. हाक मारली की दोघी वळायच्या. शिपायाने पहिल्याच आठवड्यात तोड काढली. जुनी ती पर्मनंट बाई आणि नवी ती टेंपरवारी बाई. पर्मनंट बाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. टेंपरवारी बाई एकोणीस वर्षं त्याच टेबलाशी बसून होत्या. साहेब आले नि गेले, पंखे बदलले, भिंतींना तीनदा रंग लागला, पण टेंपरवारी बाई काही हलल्या नाहीत.

बदलला तो फक्त त्यांच्या ऑर्डरीवरचा शब्द. पहिली ऑर्डर ‘हंगामी’ म्हणून निघाली. मग कुणीतरी कायदेशीर शंका काढली आणि त्या ‘रोजंदारी’ झाल्या. पुढे ‘तात्पुरत्या’, पुढे ‘कंत्राटी’, मध्ये वर्षभर कुणाच्या तरी ‘बदली’. दोन वर्षांपूर्वी वरून पत्र आलं, की असे शब्द मनाला लागतात, यापुढे ‘सेवा सहयोगी’ म्हणावं. शब्द दिवसेंदिवस गोड होत गेले आणि काम तेच राहिलं. सकाळी दहापासून रजिस्टरात माणसं जन्माला घालायची आणि मारायची.

त्यांची मुलगी दरवर्षी कॉलेजचा फॉर्म भरताना विचारायची, “आई, तुझ्या कामापुढे यंदा काय लिहू?”

एका वर्षी तिने शब्दकोशच काढला. “हंगामी म्हणजे हंगामापुरतं. तात्पुरतं म्हणजे तेवढ्यापुरतं, कामचलाऊ. आई, तुझा हंगाम कोणता गं?”

“माणसं जन्मायचा आणि मरायचा,” बाई म्हणाल्या. “बारा महिने चालतो. लिही काहीही.”

दोघी हसल्या खऱ्या, पण बाईंना ते हसू घशाखाली उतरलं नाही. कामचलाऊ! त्या एक दिवस आल्या नाहीत तर जे काम चालत नाही, त्या कामावर त्या कामचलाऊ.

आणि त्या एक दिवसही चुकवत नव्हत्या, हीच तर त्या कचेरीची खरी करामत होती. नियम असा, की अशा माणसाला सलग नव्वद दिवस ठेवायचं नाही. म्हणून एकोणनव्वद दिवस झाले की नव्वदाव्या दिवशी ब्रेक आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर. कागदावर बाई ब्रेकला घरी. पण काउंटरवरची रांग काही ब्रेक घेत नाही. मग हेडक्लार्क, ज्यांना सगळी कचेरी भाऊसाहेब म्हणायची, आदल्या संध्याकाळी टेबलाशी यायचे. एरवी ‘ओ बाई’ म्हणणारा माणूस त्या संध्याकाळी ‘ताई’ म्हणायचा.

“ताई, उद्या ब्रेक बरं का. मागच्या दाराने या. मस्टरवर सही नको.”

मागे रेकॉर्डरूम होती. उंदरांचा वास, कोपऱ्यात गळका नळ, रॅकच्या सांदीत एक टेबल आणि वर पिवळा बल्ब. पुढून कुणाला दिसू नये म्हणून बाईंनी ब्रेकच्या दिवशी तिथे बसून नोंदी करायच्या. खाली सही भाऊसाहेबांची. एकोणीस वर्षं बाई अशा चोरासारख्या मागच्या दाराने आल्या, आणि चोरी केली ती दुसऱ्यांनी.

एकोणिसाव्या वर्षी कचेरीत एक कायम जागा निघाली. अटी दोनच. वय पंचेचाळीसच्या आत आणि सलग तीन वर्षं सेवा. बाईंना पंचेचाळीस पूर्ण व्हायला दोन महिने होते. त्यांनी अर्ज केला आणि तो आठवड्यात परत आला. ‘सेवा सलग नाही.’ खाली सही भाऊसाहेबांची.

“नियमच तसा आहे, बाई. माझ्या हातात असतं तर...” भाऊसाहेबांनी दोन्ही हात उघडून दाखवले. त्या स्वच्छ, निरुद्योगी हातांकडे बघत बाईंनी परत आलेला अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एक मेलेला माणूस तक्रार घेऊन आला.

तो बेकरीवाला होता. चार महिन्यांपूर्वी त्याचे वडील वारले, त्याने येऊन खबर दिली. कचेरीने मेलेल्याच्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं आणि खबर देणाऱ्याच्या रकान्यात वडिलांचं. आता त्याच्या बेकरीचा परवाना अडला होता, कारण सरकारदरबारी तो मयत होता.

“माझ्या मरणाची खबर माझ्या मेलेल्या बापाने आणून दिली होय?” तो काउंटरवर मूठ आपटून ओरडला. “अन् तुम्ही घेतली लिहून?”

शिपाई खो खो हसला. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. बाईंनी रजिस्टर उघडलं आणि नोंद काढली. अक्षर त्यांचंच होतं. पिवळ्या बल्बखाली रकाने उलटेपालटे झाले होते. आणि तारीख ब्रेकची होती.

त्या दिवशी बाई घरी होत्या, तर हे अक्षर कुणाचं? आणि अक्षर त्यांचं असेल, तर सेवा सलग नाही कशी? एकोणीस वर्षं एकही चूक न करता जे सिद्ध झालं नव्हतं, ते एका चुकीने सिद्ध होणार होतं. आपल्या हातून घोडचूक झाली म्हणून हरखून गेलेली बाई त्या कचेरीने पहिल्यांदाच पाहिली असेल.

बेकरीवाला वरपर्यंत गेला, म्हणून चौकशी लागली. तपासणीला एक मॅडम आल्या. बोलायला शांत, नजर धारदार.

“ही नोंद कुणी केली?”

“मी केली,” बाई चटकन म्हणाल्या. “चूक माझी आहे, मॅडम. त्या दिवशी मी मागे बसले होते.”

“छे छे!” भाऊसाहेब उठलेच. “बाई त्या दिवशी ब्रेकवर होत्या. मस्टर बघा. नोंद माझी, चूक माझी.”

ज्या माणसाने आयुष्यात सांडलेल्या चहाचाही दोष शिपायावर ढकलला, तो दुसऱ्याची चूक हिसकावून आपल्या अंगावर घेत होता. आणि शिपाई मान डोलावत होता. “बाई मनाने फार चांगल्या आहेत, मॅडम. भाऊसाहेबांना वाचवतायत.”

बाईंनी उघडं रजिस्टर मॅडमपुढे सरकवलं. “अक्षर बघा.”

मॅडमनी दोन कोरे कागद काढले. “दोघांनी हीच नोंद लिहा.”

दोघांनी लिहिली. भाऊसाहेबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. बाईंचं टपोरं, गोल, प्रत्येक शब्दाची रेघ सरळ. रजिस्टरातल्यासारखं. मॅडमनी दोन्ही कागद रजिस्टराशेजारी ठेवले आणि कितीतरी वेळ पाहिले. सांगायची गरजच नव्हती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी गेल्यावर मुलीला काय सांगायचं, तेही त्यांनी ठरवून टाकलं.

तेवढ्यात भाऊसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, ही पद्धत काय फक्त आमच्याकडे आहे का? तुमच्या ऑफिसातही ब्रेकवाले आहेतच की. हे धरलं तर सगळ्यांचंच धरावं लागेल.”

मॅडमनी बाईंकडे पाहिलं नाही. पेनचं टोपण काढलं, पाच ओळी खरडल्या, दोन शब्द खोडले, पुन्हा लिहिले. मग अक्षराच्या त्या दोन्ही कागदांची घडी करून पर्समध्ये टाकली.

“भाऊसाहेबांना समज देण्यात यावी, एवढंच,” त्या उठत म्हणाल्या. “बाई, वाईट वाटून घेऊ नका. आणि हा माझा कच्चा मसुदा जरा फेअर करून द्या ना. तुमचं अक्षर फार सुंदर आहे.”

बाईंनी मसुदा वाचला. ‘सदर नोंदीतील हस्ताक्षर मुख्य लिपिकाचे असल्याची समक्ष खात्री केली. सेवा सहयोगी त्या दिवशी कार्यालयात हजर नव्हत्या.’

भाऊसाहेबांनी स्वतः उठून कोरा कागद आणून दिला. “आम्ही आमच्या अंगावर घेतलं, पण तुम्हाला झळ लागू दिली नाही, ताई,” ते म्हणाले, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं, हे सगळ्यात किळसवाणं.

मसुदा फाडून टाकावा, तोंडावर फेकावा, चालतं व्हावं, असं सगळं बाईंच्या मनात येऊन गेलं. पुढच्या आठवड्यात एकोणनव्वद दिवसांची नवी ऑर्डर निघायची होती. मुलीचं शेवटचं वर्ष होतं. मॅडम, भाऊसाहेब, शिपाई या तिघांची किळस त्यांना आलीच, पण खरी शिसारी आली ती स्वतःच्या उजव्या हाताची. त्याने त्यांना न विचारताच पेन उचललं होतं आणि समास आखायला घेतला होता.

पाच वाजायच्या आत प्रत तयार झाली. मॅडमनी ती वरून खालपर्यंत वाचून सही केली. त्यात एकही चूक नव्हती.