ताईच्या मुंडावळ्या मीच करणार!

सगळा दोष मोठ्या काकांचा. इंजिनीअरिंग अर्धवट सोडून मी रत्नागिरीला घरी आलो, तेव्हा "रिकामाच आहेस तर काकूला क्लासला सोडत जा," हे फर्मान त्यांचं. क्लास मण्यांच्या विणकामाचा. बाहेर बाइकवर डास मारण्यापेक्षा मी आत जाऊन बसलो. मणी सांडले की महिनाभर कोपऱ्याकोपऱ्यातून निघत राहतात. त्या क्लासचे किस्सेही तसेच.

* * *

पहिल्या दिवशी मला सुईच ओवता येईना. शेवटी शेजारच्या सत्तरीच्या आजींनी ओवून दिली. "चष्मा लागलाय का रे तुला?"

"नाही."

"मग कॉलेजात काय करत होतास?"

* * *

मी चहाच्या कपाखाली ठेवायचं कोस्टर विणलं. बाईंनी उलटसुलट करून पाहिलं. "वाटी छान झाली हो!"

"कोस्टर आहे ते."

"मेल्या, रागानं दोरा ओढलास होय!"

काकू त्यात लवंगा ठेवते.

* * *

एकदा जेवताना काका म्हणाले, "घोडा झालेला पोरगा मणी ओवतो, हे पाहुण्यांना सांगायचं कसं?"

मी म्हटलं, "पेटीत खालच्या थराला बारके आंबे भरता, ते गिऱ्हाइकाला कसं सांगता?"

काकांनी ताट सरकवलं. भांडण पेटणार म्हणून ताई मध्ये पडली. तिचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. "माझ्या आणि ह्यांच्या मुंडावळ्या माझा भाऊच करील!"

"आणि भर मांडवात तुटल्या तर?" काकांनी विचारलं.

"नाही तुटणार. माझा शब्द," मी म्हटलं.

घरात माझ्या बाजूनं एवढं बोलणारी ताई एकटीच.

* * *

मणी निवडायला काकूला घेऊन बाजारात गेलो. काचेचे मणी मला कमीजास्त आकाराचे वाटले. प्लॅस्टिकचे मरून मणी मात्र एकसारखे, शालूला मॅचिंग! मी एकेक मणी डोळ्याशी धरून तपासत होतो.

दुकानदार म्हणाला, "इंजिनीअर दिसता!"

"हो."

काकू पंख्याकडे बघायला लागली.

मुंडावळ्या दुहेरी नायलॉनमध्ये विणल्या. मग प्रत्येकीला दोन-दोन नारळ टांगून ठेवले. तुटल्या नाहीत! एवढं टेस्टिंग कॉलेजात केलं असतं तर पास झालो असतो.

* * *

लग्न भर दुपारी, मांडवावर पत्रे. चौथ्या मंगलाष्टकाला नवऱ्या मुलाची मावशी किंचाळली, "अगो बाई, रक्त!"

अंतरपाट खाली आला. दोघांच्या कपाळावरून लाल ओघळ नाकापर्यंत. घामानं मण्यांचा रंग सुटला होता! भटजींनी अक्षता खाली ठेवल्या. करवली डॉक्टर शोधत पळाली. काकांनी नवऱ्या मुलाच्या मुंडावळीला हिसका दिला. फेटा हातात आला. मुंडावळी कपाळावरच. मग काका आणि व्याही दोघांनी मिळून ओढली. तरी नाही!

काका धापा टाकत माझ्याकडे वळले. "मजबूत आहे."

या भाऊबीजेला ताईनं मला बोलावलं नाही.