टाळी, थाळी, जाळी
खडूचा वास आला की मला पाथर्डीकडे मी शिकवायचे तो पहिलीचा वर्ग आठवतो. फळ्यावर मी टाळी, थाळी, जाळी असं लिहिलं आणि म्हटलं, “असाच आणखी एक शब्द सांगा.” कुणालाच सुचेना. आईबापांबरोबर ऊसतोडीहून कालच परतलेली, उन्हानं रापलेली एक मुलगी पुढे बसली होती. मी हसत तिच्याकडे बोट केलं. “काळी!” सगळा वर्ग ओरडला. मी ‘शाब्बास’ म्हणत तो शब्दही लिहिला. ती उठून फळ्यापाशी आली आणि अक्षरांवर बोट ठेवत म्हणाली, “का... ळी. बाई, मला वाचाया आलं!” तिनं वाचलेला तो पहिलाच शब्द. मधल्या सुट्टीपासून सगळे तिला त्याच नावानं हाक मारू लागले. पुढे मीही मारली. हजेरीतलं तिचं खरं नाव आज काही केल्या आठवत नाही.